एप्रिलमधला पहिला राउंड: बेथपेजच्या पाच कोर्सपैकी कुठला घ्यावा

चार महिने बॅग गॅरेजमध्ये उभी राहिल्यावर पहिला राउंड कुठे खेळायचा, हा प्रश्न न्यूयॉर्क-न्यूजर्सीकडच्या प्रत्येक हौशी गोल्फरला मार्चच्या शेवटी पडतो. आमचं उत्तर लाँग आयलंडवरचं बेथपेज स्टेट पार्क. मात्र ज्या ब्लॅक कोर्समुळे बेथपेजचं नाव जगभर झालं, तो त्या दिवशी घेऊ नका. यलो घ्या, नाहीतर ग्रीन. ब्लॅकची हौस महिनाभर मागे ठेवली तर पैसे, पाय आणि स्विंग तिन्ही वाचतात.

ज्यांनी ही जागा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: फार्मिंगडेल गावाजवळ न्यूयॉर्क राज्याच्या मालकीचं हे पार्क आहे. क्लबहाउस एक, अठरा होलचे कोर्स पाच, आणि त्यांना रंगांची नावं: ब्लॅक, रेड, ब्लू, ग्रीन, यलो. ग्रीन सगळ्यात जुना. तो आधी लेनॉक्स हिल्स नावाच्या खासगी क्लबचा होता आणि डेव्हेरो एमेट यांनी आखला होता. १९३०च्या दशकातल्या महामंदीत सरकारी रोजगार योजनेखाली कामगार लावून राज्याने इथे नवे कोर्स घडवले. ब्लॅक १९३६ मध्ये खुला झाला, त्याच्या आखणीचं श्रेय ए. डब्ल्यू. टिलिंगहास्ट यांना दिलं जातं. यलो शेवटचा, १९५८चा, आल्फ्रेड टल यांचा. २००२ची यूएस ओपन ब्लॅकवर झाली तेव्हा, सामान्य माणूस तिकीट काढून खेळू शकतो अशा सरकारी मालकीच्या कोर्सवर ती स्पर्धा पहिल्यांदाच आली होती. पुढे २००९ची यूएस ओपन, २०१९ची पीजीए चॅम्पियनशिप आणि २०२५चा रायडर कप (अमेरिका आणि युरोपच्या संघांतली लढत) इथेच झाला. रायडर कप युरोपने १५–१३ असा नेला.

एप्रिलसाठी मात्र यातलं काहीच महत्त्वाचं नाही. महत्त्वाची आहे माती.

लाँग आयलंड म्हणजे हिमनदीने आणून टाकलेली वाळू आणि खडी. पाऊस पडला, बर्फ वितळलं, तरी पाणी वरच्या थरात फार वेळ थांबत नाही. याउलट मध्य न्यूजर्सीतली बरीच जमीन लाल चिकणमातीची. मार्चचा पाऊस तिथे आठवडाभर फेअरवेत (होलच्या मधल्या, कापलेल्या गवताच्या पट्ट्यात) साचून राहतो, बूट घोट्यापर्यंत रुततो, कोर्सवरच्या गोल्फच्या गाड्या बंद, बॉल पडेल तिथे गडप. एडिसनहून बेथपेजला साठेक मैल पडतात, व्हेराझानो पुलाचा टोल वेगळा. तरीही सीझनच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत तेवढी गाडी हाकणं परवडतं, कारण पायाखाली जमीन मिळते. जोराच्या पावसानंतर इथेही खोलगट भागांत ओल राहते. पण एक कोरडा, वाऱ्याचा दिवस मधे गेला की खेळण्यासारखं होतं. म्हणून बुकिंग करताना त्या दिवसाचा अंदाज बघता तसा आदल्या दोन दिवसांतला पाऊसही बघा.

पुण्या-मुंबईत गोल्फ शिकलेल्यांना खंड माहीत असतो तो पावसाळ्याचा. तिथे चार महिन्यांनी मैदानावर उतरलं की गवत जोमात असतं, हवा उबदार असते, बिघडलेला असतो तो फक्त आपला हात. इथे हात, गवत आणि हवा तिन्ही एकदम बिघडलेले असतात. इथलं गवत थंड हवामानाचं. एप्रिलच्या सुरुवातीला ते नुकतं हलू लागलेलं असतं, फेअरवे पातळ असतात, मागच्या ऑक्टोबरचे डिव्हट (शॉटने हिरवळ उडून झालेले खड्डे) भरून आलेले नसतात. उन्हाळ्यातल्या फोटोंवरून अपेक्षा बांधून जाऊ नये.

यलो पाचांत सगळ्यात सौम्य. चढउतार कमी, बहुतेक होलवर ग्रीनच्या (झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या) तोंडाशी वाट मोकळी, म्हणजे बॉल जमिनीवरून पळवत नेता येतो. गार हातांना हेच हवं असतं. चुकलेला ड्राइव्ह बहुतेक वेळा सापडतो आणि तिथून पुढचा शॉट मारताही येतो. हँडिकॅप (आकडा जितका मोठा तितका खेळ कच्चा) २०च्या वर असेल, किंवा बरोबर नवशिका जोडीदार असेल, तर दुसरा विचार करू नका.

ग्रीन कोर्स थोडा जास्त मजेचा. लांबीने आटोपशीर, पण त्यावरची ग्रीन लहान आणि काहींना चांगलाच उतार. अंतर नेमकं काढावं लागतं, आणि अंतर हीच तर एप्रिलमधली अडचण (त्यावर पुढे). लहान ग्रीन चुकणार, मग चिप (ग्रीनजवळचा छोटा उडवलेला शॉट) करावं लागणार, आणि हिवाळ्यात सगळ्यात जास्त गंजते ती चिपच. तेव्हा सरावाची गरज ओळखून खेळायचं असेल तर ग्रीन हा यलोपेक्षा चांगला शिक्षक. १० ते १८ हँडिकॅपवाल्यांना आम्ही पहिल्या राउंडला हाच सुचवू.

ब्लूचे पहिले नऊ होल चांगलेच कठीण, दुसरे नऊ त्या मानाने सरळ. अंग मोकळं व्हायच्या आधीच मार बसतो, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या राउंडला ठेवावा. रेडचा पहिला होल हे त्याचं नाव काढण्याचं कारण आणि टाळण्याचंही. लांबलचक पार फोर (चार शॉटमध्ये संपवायचा होल), दुसरा शॉट चढावर, आणि ४५ अंश फॅरेनहाइटमध्ये तो बहुतेक हौशी खेळाडूंसाठी पार फाइव्हच असतो. जायचंच असेल तर त्याला तीन शॉटमध्ये ग्रीन गाठायचा होल समजा आणि दुसऱ्या शॉटला फेअरवे वुड बॅगेतच राहू द्या.

आता ब्लॅक. पहिल्या टीच्या (पहिला शॉट मारायच्या जागेच्या) मागे ती प्रसिद्ध पाटी आहे: हा कोर्स अत्यंत अवघड आहे, निष्णात खेळाडूंनीच यावं. लोक पाटीबरोबर फोटो काढतात आणि पाटी विसरतात. मागच्या टीवरून लांबी ७४०० यार्डांच्या वर जाते. गाडी मिळत नाही, चालायचंच, हवा तर कॅडी घ्यायचा. पहिला होल संपला की ‘राउंड स्वॅम्प रोड’ हा रस्ता ओलांडून पलीकडे जायचं आणि चौदावा संपल्यावरच परत यायचं. म्हणजे मधेच दम लागला, बोटं बधिर झाली तरी क्लबहाउस जवळ नाही. चौथा पार फाइव्ह दिसायला अप्रतिम, पण वाटेत आडवा पसरलेला प्रचंड बंकर (वाळूचा खड्डा) ओलांडायला दुसरा शॉट नीट उडवावा लागतो. पंधराव्याला रस्ता ओलांडून आलेले थकलेले पाय आणि समोर उभ्या चढावरचं ग्रीन. त्या ग्रीनपर्यंत जमिनीवरून पोचता येत नाही, उंच आणि लांब आयर्नच (धातूच्या पात्याच्या क्लबचा शॉट) लागतं, आणि मऊ जमिनीवर, चार महिन्यांच्या खंडानंतर नेमका तोच शॉट कुणाकडे नसतो. ब्लॅक हिवाळ्यात बंद असतो, इतर कोर्सच्या मागून उघडतो, आणि सीझनमध्ये सोमवारी बंद. उघडल्यावर पहिल्या आठवड्यातच जायची घाई करणाऱ्याला पूर्ण फी भरून अर्धा कोर्स मिळतो: रफ (फेअरवेच्या कडेचं लांब गवत) वाढलेलं नाही, ग्रीन अजून बसलेले नाहीत, बंकरमधली वाळू ओली आणि घट्ट.

ग्रीनबद्दल (त्या नावाचा कोर्स नव्हे, झेंड्याभोवतीची हिरवळ) सविस्तर सांगायला हवं, कारण एप्रिलमधल्या बहुतेक तक्रारी तिथल्याच असतात. सीझनच्या सुरुवातीला माळी ग्रीनला भोकं पाडून मातीच्या नळ्या उपसतात आणि वर वाळू पसरतात. मुळांना हवा मिळते, पाणी खाली जातं, हिवाळ्यात दाबली गेलेली जमीन सुटते. हे काम चुकवलं तर जुलैमध्ये ग्रीन मरतात. पण केल्यावर दोन-तीन आठवडे पट (ग्रीनवरून ढकललेला शॉट) खडखडत जातो. कोणत्या कोर्सवर हे कधी होणार ते बुकिंगच्या आधी फोन करून विचारा, पाच कोर्स असण्याचा फायदा इथेच आहे. भोकं ताजी असतील तर सहा फुटांच्या आतले पट थोडे ठाम मारावेत, मागच्या कडेवर आपटतील इतके. लांब पटला मात्र दिशेपेक्षा वेगाकडे लक्ष द्यावं. आणखी एक: या भागातल्या जुन्या ग्रीनमध्ये पोआ नावाचं गवत बेंट या ग्रीनच्या नेहमीच्या गवतात मिसळलेलं असतं आणि ते एप्रिलअखेर ते मेमध्ये तुरे धरतं. सकाळी कापलेलं ग्रीन दुपारी दाणेदार होतं ते त्यामुळे. तेव्हा सकाळी उशिराची वेळ घ्यावी, पण फार उशीर नको.

फार लवकरही नको, कारण दव गोठलेलं असतं. गोठलेल्या पात्यावर पाय पडला की आतल्या पेशी फुटतात आणि दोन दिवसांनी तिथे तपकिरी पावलं उमटतात. म्हणून दहिवर वितळेपर्यंत कुणालाच सोडत नाहीत, आणि सातची वेळ घेतलेले सगळे मागे सरकतात. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात दहा ते साडेअकरा ही वेळ सगळ्यात बरी. तोवर पारा पन्नास अंश फॅरेनहाइटकडे आलेला असतो. दुपारी दोननंतर दक्षिणेकडून समुद्राचा वारा सुटतो. अटलांटिकचं पाणी अजून थंडगार असल्याने तो वारा हवा गार करून जातो. गाडीतल्या काट्यावर ५८ अंश दिसले तरी बाराव्या होलवर जॅकेट हवंच.

आता अंतर. थंड हवा जड असते, बॉल तिच्यात कमी उडतो. गार झालेला बॉल क्लबवरून कमी वेगाने सुटतो. अंगावर तीन थर असल्याने खांदे पूर्ण वळत नाहीत. आणि मऊ जमिनीवर बॉल पडला की जवळजवळ तिथेच थांबतो. ठोकताळा असा की दर १० अंश फॅरेनहाइटला साधारण दोन यार्ड जातात, तेही फक्त हवा आणि बॉलमुळे. ऑगस्टमध्ये ८० अंशांत सात नंबर आयर्न १५० यार्ड जात असेल तर ४५ अंशांत तोच शॉट १४३ वर येतो, आणि जॅकेट घालून १४०च धरा. म्हणजे एक क्लब जास्त (एक नंबर कमी, लांब जाणारा). समोरून समुद्रवारा असेल तर दोन. बहुतेकजण हे मनात मान्य करतात आणि हातात सातच घेतात, मग तो जोर लावून मारतात. जोर लावला की लय बिघडते आणि बॉलच्या आधी जमीन लागते. सहा नंबर घ्या, एक इंच खाली धरा, पाऊण स्विंग मारा.

याच हिशेबाने टीसुद्धा बदला. नेहमीचा अंदाज असा: पाच नंबर आयर्नचं अंतर गुणिले ३६, तेवढ्या यार्डांचा कोर्स आपल्याला झेपतो. पाच नंबर १६० जात असेल तर ५७६०. एप्रिलमध्ये तोच क्लब १५० देतो, म्हणजे ५४००. नेहमीपेक्षा एक टी पुढे जा. कुणी काही म्हणत नाही, आणि मागच्या टीवरून प्रत्येक पार फोरला थ्री वुडने ग्रीन गाठायचा प्रयत्न करण्यापेक्षा राउंड किती तरी चांगला होतो.

बॉलच्या बाबतीत एकच काम खरं उपयोगी आहे: आदल्या रात्री डझनचा डबा गाडीच्या डिकीत ठेवू नका, घरात ठेवा. बॉल आतून गरम-थंड व्हायला तास लागतात. डिकीत रात्रभर गारठलेला बॉल चौथ्या होलपर्यंत तसाच मुका लागतो. मऊ, कमी कॉम्प्रेशनचा बॉल थंडीत हाताला बरा वाटतो, पण त्याने गेलेलं अंतर परत येत नाही. वेजची (जवळून उंच उडवायच्या क्लबची) फिरकी मात्र कमी होते. उन्हाळ्यात जो बॉल खेळता तोच खेळा. आणि राउंड चालू असताना हँडवॉर्मरने किंवा हीटरने बॉल मुद्दाम गरम करणं नियमाबाहेर आहे. तसा बॉल मारला तर थेट बाद.

मऊ जमिनीवरचा शॉट जवळून बघा. पातळ गवत, खाली ओली वाळूमिश्रित माती. क्लब बॉलच्या दोन सेंटीमीटर मागे उतरला तर उन्हाळ्यात तो घसरून बॉलला लागतो, शॉट दहा यार्ड कमी जातो, इतकंच. एप्रिलमध्ये क्लबची पुढची धार आत शिरते, हिरवळीचा तुकडा ओल्या पोळीसारखा बॉलवर दुमडतो आणि बॉल चाळीस यार्डांवर जाऊन बसतो. मनगटाला हिसका बसतो तो वेगळा. उपाय तीन. बॉल नेहमीपेक्षा अर्धा बॉल मागे ठेवा. वजन सुरुवातीपासूनच पुढच्या पायावर थोडं जास्त. आणि ग्रीनजवळ कमी बाउन्सचं (तळाचा फुगवटा कमी असलेलं) वेज बॅगेतच राहू द्या. ५६ अंशांचं १२ किंवा १४ बाउन्सचं, रुंद तळाचं वेज मऊ जमिनीवर घसरतं. ६० अंशांचं ६ बाउन्सचं वेज नांगरासारखं रुततं. ग्रीनच्या कडेपासून पाच-सहा यार्डांत असाल तर वेजच नको, आठ नंबर आयर्नने पटसारखा ढकला किंवा सरळ पटर घ्या. बंकरमध्ये मात्र उलटं. पावसाने बसलेल्या घट्ट वाळूवर जास्त बाउन्सचं वेज उसळतं आणि बॉलच्या पोटाला लागतं. तिथे फेस कमी उघडा, बॉलच्या जरा जवळ मारा, आणि बॉल नेहमीपेक्षा जास्त पळेल हे धरून चाला.

फेअरवेवर बॉलला चिखल चिकटलेला असेल तर तो कुठे आहे ते बघा. उजव्या अंगाला असेल तर बॉल डावीकडे झुकतो, डाव्या अंगाला असेल तर उजवीकडे. शेंगदाण्याएवढा चिखलसुद्धा लांब आयर्नला दहा-पंधरा यार्ड ओढतो. अशा वेळी झेंडा विसरून ग्रीनचा मध्य धरा.

नियमांतल्या तीन गोष्टी या महिन्यात रोज लागतात. स्वतःच्याच खड्ड्यात रुतलेला बॉल फेअरवेत असो की रफमध्ये, विनादंड उचलता येतो, पुसता येतो, आणि खड्ड्याच्या लगेच मागच्या बिंदूपासून एक क्लबलांबीत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून सोडता येतो. बंकरमध्ये ही सवलत नाही. साचलेलं पाणी उभं राहिल्यावर बुटाभोवती नुसतं दिसलं तरी सवलत मिळते. जोरात पाय दाबून पाणी काढलं तर नाही, आणि नुसता चिखल म्हणजे पाणी नव्हे. तिसरी, ज्याला सगळे विंटर रूल्स म्हणतात ती फेअरवेतला बॉल उचलून, पुसून ठेवण्याची मुभा. ती कोर्सने त्या दिवशी जाहीर केलेली असली तरच आहे, चौघांनी पहिल्या टीवर ठरवून चालत नाही. स्टार्टरला (पहिल्या टीवर गट सोडणाऱ्याला) विचारा. ग्रीनवरच्या भोकांसाठीही तसंच, स्थानिक नियम लागू असेल तरच बॉल हलवता येतो. न्यूयॉर्क महानगर परिसरात हँडिकॅपसाठी स्कोअर नोंदवण्याचा सीझन १ एप्रिलला सुरू होतो. म्हणजे मार्चअखेरचा उबदार रविवार नोंदीशिवाय खेळता येतो. पहिल्या राउंडला हे ओझं नको असेल त्यांनी तो साधावा.

ड्रायव्हिंग रेंजला आधी जा, पण मॅटने फसू नका. मॅटवर बॉलच्या मागे लागलेला क्लब घसरून बॉलला जाऊन भिडतो आणि शॉट बरा दिसतो. तोच स्विंग पहिल्या फेअरवेत जमीन खणतो. ओळखायची खूण आवाज: आधी धप्, मग टक्, तर क्लब मागे पडतोय. बॉलच्या चार इंच मागे दुमडलेला टॉवेल ठेवून आठ-दहा शॉट मारा, टॉवेल हलला की कळतं. क्रम असा ठेवा: पाच मिनिटं खांदे, कंबर आणि मांड्यांच्या मागच्या शिरा मोकळ्या करणं, मग वेजचे दहा अर्धे शॉट, आठ नंबरचे दहा, हायब्रिडचे पाच, ड्रायव्हरचे पाच, शेवटी पुन्हा वेजचे पाच. तीस-पस्तीस बॉल पुरे. गार अंगाने शंभर बॉलची बादली संपवली तर सोळाव्याला पाठ बोलते. उरलेली वीस मिनिटं पटिंग ग्रीनवर, त्यातली पंधरा तीस फुटांच्या पटवर घालवा. हिवाळ्यात गालिच्यावर सहा फुटांचा सराव बऱ्याच जणांनी केलेला असतो, लांब पटचा कुणीच नाही, आणि तीन पट तिथेच पडतात.

बॅगेची तपासणी आदल्या रविवारी करा, राउंडच्या सकाळी नव्हे. गॅरेजमध्ये गारठलेल्या ग्रिपवर धूळ आणि मागच्या वर्षीचा घाम यांचा चकचकीत थर बसलेला असतो. कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब, मऊ ब्रश, मग फडक्याने पुसून रात्रभर वाळवा. धुतल्यावरही अंगठ्याखाली गुळगुळीत लागत असेल तर ग्रिप बदला, वर्षातून एकदा किंवा चाळीसेक राउंडनंतर हे करायचंच असतं. बुटांचे झिजलेले स्पाइक बदला, ओल्या उतारावर घसरून गुडघा जातो. रेंजफाइंडरची बॅटरी थंडीत लवकर बसते, एक जास्तीची खिशात असू द्या. बॅटरीची ट्रॉली असेल तर बॅटरी घरात चार्ज करा, गॅरेजमध्ये नाही. पावसाचे ग्लोव्ह्ज दोन्ही हातांचे मिळतात, ते भिजल्यावर जास्त पकडतात. चामड्याचा एकच ग्लोव्ह घेऊन गेलात तर सातव्या होलला तो चिंब. टॉवेल दोन, एक ओला आणि एक कोरडा. जाड एकच जॅकेट घालण्यापेक्षा पातळ तीन थर घाला आणि सगळ्यात वरचा बिनबाह्यांचा असू द्या, म्हणजे खांदे वळतात. कोर्सवरच्या खाण्याच्या टपऱ्या सीझनच्या सुरुवातीला उघड्या असतीलच असं नाही. थर्मासमध्ये चहा आणि खिशात दोन शेंगदाण्याचे लाडू असले की पाच तास निघतात.

एक गोष्ट मात्र सोडू नका: गोचीड. लाँग आयलंडवर लाइम रोग पसरवणारे गोचीड आहेत आणि पारा चाळीस अंश फॅरेनहाइटच्या वर गेला की ते हालचाल करू लागतात. झाडांच्या कडेला, सुक्या पानांत बॉल शोधायला शिरलात तर पँट मोज्यांत खोचा आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, कंबरेच्या पट्ट्याखाली नीट बघा. शोधायला नियमाने तीनच मिनिटं आहेत, तेवढीच द्या.

बुकिंग आणि पैसा. न्यूयॉर्क राज्याचे रहिवासी आणि बाहेरचे यांच्या फीमध्ये मोठी तफावत आहे, ब्लॅकवर बाहेरच्याला साधारण दुप्पट. बुकिंगही रहिवाशांना आधी उघडतं. रहिवासी असल्याचा पुरावा म्हणजे न्यूयॉर्कचं ड्रायव्हिंग लायसन्स, ते विसरू नका. न्यूजर्सीकरांनी म्हणूनच ब्लॅकचा खर्च पुढच्या महिन्यांसाठी राखावा आणि एप्रिलमध्ये यलो किंवा ग्रीनची संध्याकाळची स्वस्त वेळ बघावी. महिन्याच्या मध्यावर सूर्य साडेसातनंतर मावळतो, चालत खेळणाऱ्या दोघांचे अठरा होल जेमतेम होतात. ब्लॅकसाठी पार्किंगमध्ये रात्रभर गाडीत झोपून नंबर लावण्याची प्रथा प्रसिद्ध आहे, एप्रिलच्या थंडीत ती करू नये. गाडी नसेल तर लाँग आयलंड रेलरोडने फार्मिंगडेलला उतरून तिथून टॅक्सी. बॅगेसह हा प्रवास जमतो.

खटकणारं? वेग. सार्वजनिक कोर्स, चौघाचौघांचे गट, आणि पहिल्याच उबदार शनिवारी सगळा लाँग आयलंड बाहेर पडतो. पाच तासांच्या आत संपेल ही अपेक्षा ठेवू नका. शक्य असेल तर मंगळवार किंवा बुधवार. आणि जमीन ओली असेल तर गाड्यांना फेअरवेत सोडत नाहीत. मग प्रत्येक शॉटला हातात चार क्लब घेऊन रस्त्यापासून आडवं चालत जावं लागतं. त्यापेक्षा ढकलगाडी घेऊन सरळ चालणं सोपं, आणि थंडीत अंगही गरम राहतं.

क्रम असा लावा. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात यलो, शेवटच्या आठवड्यात ग्रीन, मेच्या सुरुवातीला ब्लू. तोपर्यंत पाच नंबर आयर्न पुन्हा १६०वर आलेलं असतं. मग मेच्या तिसऱ्या आठवड्यात, ग्रीनवरची भोकं बुजलेली असताना आणि रफ अजून घोट्यापर्यंत आलेलं नसताना, मधल्या वारी ब्लॅकची वेळ मिळाली तर सोडू नका.